घडीव की ओतीव?

शाळेच्या मराठी पुस्तकात पिस्टनला ‘दट्ट्या’ म्हणत असत. ‘दट्ट्याचे कार्य आकृतीसह स्पष्ट करा’ हा प्रश्न परीक्षेत ठरलेला, आणि सायकलच्या पंपाची आकृती काढून मार्क मिळवणे हेही ठरलेले. पुढे आम्ही इंजिनिअर झालो, मास्टर्स करायला वॉलॉंगॉंगला आलो आणि इथल्याच पोलादाच्या धंद्यात रमलो. पण दट्ट्या निवडायचा कसा, हे आम्हांला कोणी विचारलं नव्हतं. ते विचारलं आमच्या चिरंजीवांनी. म्हणून हा लेख. मंडळाच्या अंकात सहसा पाककृती, प्रवासवर्णनं आणि गणेशोत्सवाचा वृत्तान्त असतो. त्यांच्या शेजारी थोडं ग्रीस सांडलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आधी चिरंजीवांविषयी दोन शब्द. वय वर्षे एकवीस. युनिव्हर्सिटीचं एक वर्ष पुरं करून त्यांनी पुस्तकं मिटली आणि मोटार मेकॅनिकच्या अप्रेंटिसशिपला लागले. आठवड्याचे चार दिवस गॅरेज, एक दिवस टेफचं कॉलेज. आता आपल्या लोकांत ‘मुलगा काय करतो?’ याचं उत्तर ‘मेकॅनिक आहे’ असं दिलं, की समोरचा क्षणभर थांबतो आणि ‘म्हणजे मेकॅनिकल इंजिनिअरिंग ना?’ असं विचारून आपली आपणच सुटका करून घेतो. आमच्या सौ. हल्ली ‘हो, मेकॅनिकलच’ म्हणून भज्यांची प्लेट पुढे करतात. घरात यावर जे वाद झाले ते इथे सांगत बसत नाही. त्यानंतर आमच्यात आणि चिरंजीवांत बोलायचे विषय फार उरले नव्हते, एवढं सांगितलं तरी सुज्ञ वाचक ओळखतील.

अशा दिवसांत शेजारच्या आजोबांनी चिरंजीवांना आपली गाडी दिली. आजोबा मूळचे मॅसेडोनियाचे. पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्यात उभा जन्म गेलेला. गाडी १९६७ची एचआर होल्डन. किंमत नावापुरती, अट एकच, ‘शोभेला ठेवू नकोस, चालव.’ पण चालवायची कशी? इंजिन निळा धूर सोडत होतं, तेल पीत होतं, चढावर दम टाकत होतं. आपल्याकडच्या गॅरेजच्या भाषेत इंजिन ‘बोअरला आलेलं’. चिरंजीवांनी वर्षभराची बचत काढली, इंजिन उतरवून गॅरेजमध्ये स्टँडवर टांगलं आणि एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं, ‘‘बाबा, पिस्टन कुठले घेऊ? सात हजारापर्यंत फिरवायचंय.’’

बऱ्याच महिन्यांनी त्यांनी आम्हांला काही विचारलं होतं. आम्ही हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

गाडीची थोडी कुळकथा सांगायला हवी. होल्डनचं हे सहा सिलिंडरांचं इंजिन १९६३मध्ये ईएच गाडीबरोबर आलं. ब्लॉक लाल रंगवलेला, म्हणून ‘रेड मोटर’. एचआरमध्ये १९६६ला त्याचं १८६ घनइंचांचं, म्हणजे सुमारे ३ लिटरचं रूप आलं आणि १९७१च्या एचक्यूबरोबर २०२ घनइंचांचं. यातलंच १८६ टोराना एक्सयू-वनमध्ये १९७०ला बसलं. पुढे २०२ बसलं, आणि त्या गाडीवर पीटर ब्रॉक यांनी १९७२ची बाथर्स्टची ५०० मैलांची शर्यत भर पावसात एकट्याने चालवून जिंकली. त्या वेळी शाळेत असलेला कुठलाही ऑस्ट्रेलियन गृहस्थ हे आजही डोळे मिटून सांगतो. पण आता फोर्डचा इथला कारखाना २०१६ला बंद झाला, होल्डनचा २०१७ला, आणि २०२०मध्ये तर होल्डन हे नावच निवृत्त करत असल्याचं जाहीर झालं. कंपनीच्या काउंटरवर जाऊन ‘१८६चे पिस्टन द्या’ म्हणायची सोय राहिली नाही. जुन्या इंजिनांसाठी पिस्टन करणारे कारखाने आहेत, पण ते उलट विचारतात: कुठल्या मिश्रधातूचा, किती मोठा, माथा सपाट की उंच, पिनेची उंची किती? उत्तरं आपण द्यायची.

आता इंजिनाकडे. सहा सिलिंडर एका रांगेत म्हणजे पंगतच म्हणा ना. वाढपी मात्र सरळ क्रमाने वाढत नाही. १-५-३-६-२-४ असा क्रम. पहिला आणि सहावा, दुसरा आणि पाचवा, तिसरा आणि चौथा अशा जोड्या एकदम वर जातात, एकदम खाली येतात. त्यामुळे सगळे धक्के एकमेकांना खोडून काढतात आणि अशी इंजिनं बोनेटवर पाण्याचा पेला ठेवावा इतकी संथ चालतात. पण लांब पंगतीचा एक तोटा. सहा जणांचा क्रँक लांबलचक, आणि लांब दांडा पिळला जातो. फेरे वाढले की तो पीळ थरथरू लागतो. म्हणून पुढच्या टोकाला रबर घातलेलं एक जड चाक असतं, ते ही थरथर गिळतं. पन्नास वर्षांचं रबर दगड झालेलं असतं. जोरात फिरवायचं तर पहिला खर्च पिस्टनवर नाही, त्या चाकावर करायचा.

मग पिस्टनवर किती ओझं येतं? आम्ही वही काढली. १८६चा बोअर ९२ मिलिमीटर, स्ट्रोक ७६.२. सात हजार फेऱ्यांना प्रत्येक पिस्टन सेकंदाला २३३ वेळा थांबतो आणि उलटा फिरतो. सरासरी वेग सेकंदाला १७.८ मीटर, म्हणजे तासाला ६४ किलोमीटर. यात विशेष काही नाही. विशेष आहे ते थांबण्यात. अगदी वरच्या टोकाला पिस्टनला जो झटका बसतो तो गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २,७०० पट. समजा पिस्टन, त्याची गजन पिन आणि रिंगा मिळून ६०० ग्रॅम वजन आहे. त्या क्षणी ते कनेक्टिंग रॉडला दीड टनाहून जास्त ओढतं. शंभर ग्रॅम कमी केले तर रॉडवरचे २७० किलो उतरतात. हलक्या पिस्टनसाठी लोक पैसे मोजतात ते उगाच नाही.

आणि ही ओढ फेऱ्यांच्या वर्गाने वाढते. आम्ही कोल्हापूरकडचे. लहानपणी गुऱ्हाळावर जी ऑइल इंजिनं रात्रभर टुक-टुक-टुक करत चालायची, ती मिनिटाला साडेसहाशे फेऱ्यांची. तेवढ्याच वजनाचा आणि तेवढ्याच स्ट्रोकचा पिस्टन साडेसहा हजार फिरवला तर फेरे दहापट, पण ओढ शंभरपट. चिरंजीवांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी गुऱ्हाळ म्हणजे काय ते विचारलं, आणि अर्धा तास उसाचा रस, काहील आणि ताजा गूळ यांत गेला. पिस्टन तसाच राहिला. आमची काही हरकत नव्हती.

तर मुख्य निवड घडीव की ओतीव, ही. ओतीव पिस्टन म्हणजे वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओतायचं आणि निवू द्यायचं, इडलीसारखं. घडीव म्हणजे तापवलेला ठोकळा मोठ्या प्रेसखाली दाबून आकाराला आणायचा, भाकरी थापल्यासारखं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ज्यांनी फाउंड्री पाहिली आहे त्यांना ओतकामाची अडचण ठाऊक असेल. साच्यात हवा अडकली की आत पोकळी राहते, ‘ब्लोहोल’ म्हणतात तिला, आणि वरून काही दिसत नाही. दाबून घडवलेल्या धातूत अशी पोकळी राहत नाही, त्याची वीण घट्ट होते आणि तो मार सोसतो. म्हणून ओतीव वाईट असं मात्र समजू नये. ओतकाम ही मोठी विद्या आहे. त्याच कोल्हापुरात मेनन पिस्टन्ससारखा कारखाना उभा राहिला. रस्त्यावरच्या बहुसंख्य गाड्या जन्मभर ओतीव पिस्टनवरच धावतात. स्वस्त, शांत, टिकाऊ. ओतीवमध्येच १६ ते १८ टक्के सिलिकॉन घातलेला एक प्रकार मिळतो. तो कडक असतो, कमी फुगतो, कमी झिजतो. पण कडक ते ठिसूळ. पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकायला लागलं, तर रिंगांमधला धातूचा पातळ कठडा काचेसारखा तुटतो. घडीव पिस्टन अशा वेळी वाकतो, चेपतो, पण सहसा तुकडे होत नाहीत. चूक सुधारायला वेळ देतो.

घडीवमध्येही दोन जाती. ‘४०३२’ या मिश्रधातूत सुमारे १२ टक्के सिलिकॉन, ‘२६१८’मध्ये जवळजवळ नाहीच. दुसरा अधिक चिवट, शर्यतीवाल्यांचा आवडता. पण तो जास्त फुगतो. हिशेब सोपा आहे. बोअर बिडाचा, पिस्टन ॲल्युमिनियमचा. तापमान १०० अंशांनी वाढलं तर ९२ मिलिमीटरचं बीड फुगतं ०.१० मिलिमीटर, ४०३२ फुगतो ०.१८ आणि २६१८ फुगतो ०.२१. जो जास्त फुगणार त्याला थंडपणी जास्त जागा सोडावी लागते. मग सकाळी गाडी सुरू केली की तो सैल झाकणासारखा खडखडतो आणि तापल्यावर गप्प होतो. शर्यतीच्या गाडीला चालतं. रोज सकाळी सात वाजता कामावर निघणाऱ्या मुलाच्या गाडीला? शेजारी काय म्हणतील तो भाग निराळा, पण रोजच्या त्या थंड खडखडाटात बोअर आणि पिस्टन दोन्ही झिजतात.

इथवर आमची वही चालली. पुढे चिरंजीवांचे हात चालले.

त्यांनी टेफमध्ये शिकवल्याप्रमाणे सहाही बोअर मोजले. प्रत्येक बोअर वर, मध्ये, खाली. आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. छत्तीस मापं, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत, खडूने भिंतीवर लिहिलेली. आम्ही बाजूला उभं राहून पाहत होतो. गेज आत सोडायचं, हलकेच डोलवायचं, काटा सर्वांत कमी दाखवतो तो आकडा धरायचा. एक माप शंकास्पद वाटलं तर पुन्हा तीनदा घ्यायचं. कोणी पाहत नसताना घेतलेली ती काळजी होती. आम्ही दारात आहोत हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मापांवरून दिसलं की २० थाउ, म्हणजे इंचाचे वीस हजारांश, बोअर मोठा करून झीज निघणार नाही, ३० लागतील. म्हणजे पिस्टनही ३० थाउ मोठा. पण एक पथ्य: पिस्टन आधी हातात घ्यायचे, मोजायचे आणि मग त्यांच्या मापाने बोअर करून घ्यायचा. डबा आधी आणि झाकण नंतर, असं इथे चालत नाही. शिवाय पिस्टन दिसतो गोल, असतो किंचित अंडाकृती आणि वर निमुळता, कारण माथा जास्त तापतो आणि पिनेच्या बाजूला धातू जास्त असतो. त्यामुळे तो कुठे मोजायचा हे कारखान्याच्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद पोथीसारखा वाचावा.

माथ्याचा प्रश्न उरला. उंच माथा घेतला की कॉम्प्रेशन वाढतं, ताकद वाढते आणि ठोकण्याचा धोकाही वाढतो. इथे शिशाचं पेट्रोल २००२च्या सुरुवातीपासून बंद आहे. पंपावर ९१, ९५ आणि ९८ ऑक्टेनचं मिळतं. ९८वर भरवसा ठेवून आम्ही साडेनऊला एक हे प्रमाण धरलं. ३० थाउ बोअर केल्यावर प्रत्येक सिलिंडर ५१६ घनसेंटिमीटरचा. त्याला साडेआठने भागलं की वर उरायची जागा ६१. हेडमधली पोकळी पाणी ओतून मोजली, गॅस्केटची जाडी धरली, आणि सपाट माथा पुरतो असं निघालं. सपाट माथा हलका, आणि ज्योतही त्यावर सरळ पसरते. शेवटी व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत नाहीत ना, हे पाहायला माथ्यावर मुलांच्या खेळातल्या मातीची चकती ठेवून, हेड बसवून, क्रँक हाताने दोनदा फिरवायचा आणि चकती कापून सर्वांत पातळ जागा मोजायची. इनटेकला सुमारे दोन, एक्झॉस्टला सुमारे अडीच मिलिमीटर तरी हवेत. सौ.नी कणीक देऊ केली होती. चिरंजीव म्हणाले, ‘‘आई, कणीक परत फुगते.’’

एवढं होऊनही सात हजार की कमी, हा मूळ प्रश्न तसाच होता. आमचं मत साडेपाच हजार. कारण सांगायला हवं का? ज्याचा मुलगा गाडी चालवतो त्या प्रत्येक बापाचं मत साडेपाच हजारच असतं. ३.५५च्या ॲक्सलवर, ताशी ११०ला इंजिन फिरतं सुमारे ३,३००. टॉप गिअरमध्ये सात हजार म्हणजे ताशी २३०! हायवेवर ते कशाला हवंत? चिरंजीवांचं म्हणणं, वर्षातून दोन-तीनदा ईस्टर्न क्रीकच्या ट्रॅकवर न्यायची आहे, तिथे खालच्या गिअरमध्ये लागतात. दोघंही बरोबर होतो, आणि अशा वेळी वाद मिटत नाही.

वाद मिटवला एका म्हाताऱ्या मशिनिस्टने. ब्लॉक त्याच्याकडे नेला होता. त्याने पिस्टनबद्दल अवाक्षर काढलं नाही. म्हणाला, जुने रॉड आधी तड्यांसाठी तपासून घ्या. चुंबकाने भारून, लोखंडाची बारीक भुकटी सोडून बघतात. तडा असेल तिथे भुकटीची रेघ उमटते. सहापैकी एका रॉडवर ती रेघ उमटली, बोल्टच्या खाचेपाशी, केसाएवढी. जगातला सर्वांत उत्तम घडीव पिस्टन त्या रॉडवर बसवून सात हजार फिरवला असता, तर पिस्टन शाबूत राहिला असता आणि रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असता. आणि ब्लॉकच्या मागे, दोन हातांवर, चालवणाऱ्याचे पाय असतात.

त्या रात्री चिरंजीव बराच वेळ भिंतीवरच्या आकड्यांसमोर बसले होते. सकाळी म्हणाले, ‘‘रॉड आणि बोल्ट नवीन घेतो. पिस्टन ४०३२चे घडीव, सपाट. आणि लिमिट साडेसहा हजार.’’ आम्ही विचारलं, साडेसहाच का? ‘‘या हेडला इनटेकचे पोर्ट तीनच आहेत, बाबा. दोन-दोन सिलिंडरांत एक. त्याच्या वर हवाच पोचत नाही, नुसता मार बसतो. पाचशे फेरे सोडले की ओढ चौदा टक्क्यांनी उतरते.’’ आम्ही वहीत पडताळून पाहिलं. साडेसहाला साताने भागून वर्ग केला: ०.८६. चौदा टक्केच. हा आकडा आम्ही त्यांना सांगितला नव्हता.

पिस्टन आले त्या दिवशी सहाही जेवणाच्या टेबलावर जुन्या टॉवेलवर मांडले आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर नाही, खास आणलेल्या काट्यावर तोलले. सर्वांत जड आणि सर्वांत हलका यांत दोन ग्रॅमचा फरक निघाला. जडांच्या आतल्या बाजूने चिरंजीवांनी जरा-जरा धातू काढून सगळे अर्ध्या ग्रॅमच्या आत आणले. मग रिंगा. बोअरच्या दर इंचाला ४ थाउ या हिशेबाने वरच्या रिंगेत फट साधारण ०.३७ मिलिमीटर. एकेक रिंग बोअरमध्ये ठेवून पाहायची, काढायची, कानशीने दोन घासे द्यायचे, पुन्हा ठेवायची. आम्ही एक रिंग करून पाहिली. चिरंजीवांनी ती तपासली आणि काही न बोलता ठीक असलेल्यांच्या रांगेत ठेवली. मास्टर्सच्या निकालानंतर इतकं बरं क्वचितच वाटलं असेल.

कोणाला आपलं जुनं इंजिन उघडायचं असेल त्यांच्यासाठी सार एवढंच. पिस्टन घडीव की ओतीव हा प्रश्न तिसरा आहे. पहिला प्रश्न, गाडीचा उपयोग कशासाठी. दुसरा, त्या उपयोगात सर्वांत आधी काय तुटेल. या दोन्हींची उत्तरं प्रामाणिकपणे दिली की तिसऱ्याचं उत्तर आपोआप मिळतं, आणि बहुतेक वेळा ते सर्वांत महाग पिस्टन असं नसतं. रोजच्या वापराला, पाच-साडेपाच हजारांच्या आत, चांगला ओतीव पुरे. रस्ता आणि ट्रॅक दोन्ही हवं असेल तर ४०३२. केवळ शर्यत, किंवा टर्बो लावायचा असेल, तर २६१८, आणि सकाळचा खडखडाट सोसायचा.

एचआर आता सुरू झाली आहे. पहिले काही शे किलोमीटर नवं इंजिन सांभाळून चालवायचं असतं, एकाच गतीवर फार वेळ न ठेवता. त्यामुळे रोज संध्याकाळी माउंट औस्लीचा चढ चढून वर, आणि बुली पासने खाली, असा फेरा असतो. शेजारचे आजोबा पुढच्या सीटवर; आम्हांला मागची. आजोबा खिडकी उघडी ठेवायला लावतात आणि आवाज ऐकत बसतात. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला चिरंजीव ही गाडी आणणार आहेत. पार्किंगमध्ये लाल इंजिन दिसलं तर बोनेट उघडून दाखवायला सांगावं. ते आनंदाने दाखवतील. ‘मेकॅनिकलच ना?’ असं विचारलंत तर मात्र उत्तर आमच्या सौ. देतील, आणि या वेळी भजी पुढे करायच्या आधी.